सहाशे वर्षांचा दगड

कांदिवली,
८ डिसेंबर १९७४

प्रिय मंजुळा,

हे पत्र सरूबाईच्या पाटीतून येतंय, तेव्हा त्याला बोंबलांचा वास येणारच. पोस्टाने पाठवलं असतं तर पोस्टमनने सगळ्या आळीत तुझं नाव पुकारलं असतं, आणि अडीच वर्षं न बोललेल्या बाईचं पत्र आलंय हे तुझ्या आधी मढ गावाला कळलं असतं. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. सावकाश वाच. मध्येच फाडावंसं वाटलं तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

सगळ्यात अवघड ते आधी लिहून टाकते. तुझे हरेश्वरभाऊ गेले हे मला तेव्हाच कळलं होतं. फाल्गुनात सरूबाईने माझ्या दारात पाटी उतरवता उतरवता सांगितलं. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, ‘मढला जावं का?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी, ‘आता उशीर झाला. काय तोंड दाखवू?’ चौथ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत लागलेल्या वाळवीबद्दल दीड पान आहे. आज ती पानं उघडून बसले आणि माझीच मला लाज वाटली. माझं येणं तुला आवडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे माझा राग गेला नव्हता. दुखवट्याच्या घरी राग घेऊन येता येत नाही, तो बाहेर चपलांपाशी ठेवावा लागतो, आणि तो ठेवायला मी तयार नव्हते. इतकी वर्षं रोज डायरी लिहून माणूस स्वतःशी प्रामाणिक होतो असं मी सगळ्यांना सांगत आले. पुरावा हा असा आहे.

मला तू परत हवी आहेस, मंजुळा. रविवारी माझ्याबरोबर हिंडायला, माझ्या पिशवीतले शेंगदाणे संपवायला, माझ्या विद्वत्तेला हसायला. पण ते मागण्याआधी त्या दिवशी चूक कोणाची होती हे मला नीट लिहायला हवं. अडीच वर्षं मी ती तुझी मानत होते.

आठवतं का, आपली ओळख कशी झाली? चौसष्ट साल, बोरिवलीतलं एक्सर. तिथल्या उंच वीरगळांपाशी मी एकटी उकिडवी बसले होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड, आणि एक्सरच्या दगडांवर तर गलबतांची लढाई आहे. मी ओला कागद दगडावर दाबून ठसा घेत होते. तू मासळी विकून रिकामी पाटी काखोटीला मारून चालली होतीस. थांबलीस, बघितलंस आणि म्हणालीस, “दगडाला ताप आलाय काय गो? पट्ट्या कसल्या ठेवतेस?” मी गंभीरपणे समजावून सांगायला लागले. तू पाटी उपडी घालून तिच्यावर बसलीस आणि सगळं ऐकून घेतलंस. मग गलबताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, “हा मानूस बुडतोय, आनि ह्याच्या शेजारचा बघत पन नाय.” त्या दगडाबद्दल मी तोवर तीन पुस्तकं वाचली होती. बुडणाऱ्या माणसाकडे न बघणारा तो शेजारी एकाही पुस्तकात नव्हता.

त्यानंतरचे आपले रविवार! अंधेरीला महाकालीच्या लेण्यात डोंगराच्या पोटातली ती गोल दगडी झोपडी बघून तू आत डोकं घातलंस आणि “कोन हाय का घरान?” अशी हाक मारलीस. मंडपेश्वरला वर पडकं चर्च आणि खाली शंकराची लेणी बघून म्हणालीस, “वर येशू, खाली शंकर. चाळच हाय गो ही.” मी हसून हसून पायरीवर बसले. मी पुस्तकातल्या जागा शोधायची आणि तू मला पुस्तकात नसलेल्या दाखवायचीस. एरंगळच्या त्या विहिरीच्या काठावर दोरांनी पडलेल्या खाचा, मालाडच्या बाजारामागचं रंगीत काचांचं घर, लग्नाच्या आदल्या दिवशी भिंतीवर काढतात आणि दुसऱ्याच वर्षी चुन्याखाली जातात ती चित्रं. माझ्या वहीत या सगळ्यांच्या नोंदी आहेत. आता एक्सरच्या वाटेवरची भातशेतं बुजवून इमारती येताहेत. परवा गेले होते. वीरगळांच्या बाजूच्या भिंतीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. तू काय म्हणाली असतीस याचा विचार करत उभी राहिले, पण मला एकटीला काही सुचलं नाही.

आणि मग तुमच्या किनाऱ्यावरचा तो दगड. मासे वाळवायच्या वलांडीच्या पलीकडे, उंडीच्या झाडाखाली, कमरेएवढा, शेंदराने इतका माखलेला की त्याला ना डोळे दिसत ना हात. तुझ्या सासूबाई, अंजनाबाई, दर पौर्णिमेला त्याला तेल-शेंदूर लावायच्या. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “किती जुना असेल हा?” त्या म्हणाल्या, “देवाला वय इचारतेस? हाय तसा हाय.” आत काय कोरलंय हे बघायची मला इतकी ओढ लागली होती की एकदा नखाने शेंदूर खरवडायला गेले, तर तू माझ्या हातावर फटका मारलास. “देव टाकंल तवा बघ,” म्हणालीस. मी सात वर्षं वाट बघितली. एकाहत्तरच्या श्रावणात तुझा निरोप आला, देवाने खोळ टाकली. शेंदराची पुटं एकावर एक चढून जाड झाली की एक दिवस आपोआप सुटून पडतात, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मी रजा टाकून आले. बोटभर जाडीची ती लाल खोळ अंजनाबाईंनी नव्या सुपात घेतली आणि होडीतून नेऊन समुद्रात सोडली. सगळ्या बायका पाण्याकडे बघत होत्या. माझी पाठ पाण्याकडे होती आणि मी दगड बघत होते.

तेलाने काळपट झालेल्या त्या दगडावर तीन थर होते. वर चंद्रसूर्य, मध्ये पालखीसारखं काही, खाली एक होडी आणि होडीत पाच वल्हेवाले. मला हुंदकाच आला. मी तिथल्या तिथे पिशवीतून कागद काढला, ठसा घेतला, आणि त्या माणसांच्या पाठींवरून हात फिरवत बसले. तू शेजारी वाकून बघितलंस आणि म्हणालीस, “ह्यो दुसरा वल्हेवाला माझ्या सासऱ्यावर गेलाय.” मी ते वहीत टिपून घेतलं. कसं टिपलं ते सांगते, आता लपवून काय उपयोग. ‘स्थानिक लोकांना शिल्पात पूर्वज दिसतात. लेखात उल्लेख करावा.’ स्थानिक लोक म्हणजे तू.

लेख लिहायला मला सहा महिने लागले. तुझ्या पडवीत बसून तो मी मोठ्याने वाचला तो दिवस तुला आठवत असणार. तू कोळंबी सोलत होतीस. हरेश्वरभाऊ आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसले होते, हाताला नेहमीसारखा चुना. स्टुडिओत काम करतात एवढंच मला माहीत होतं. कसलं काम हे मी आठ वर्षांत विचारलं नव्हतं, दिवेबिवे धरत असतील असं धरून चालले होते. मी वाचलं, ‘हा कारागीर समुद्रावर स्वतः राबलेला असला पाहिजे. वल्हं ओढताना माणसाचा एक खांदा कसा चढतो, हे किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही.’ तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलले. “ते खांद्याचं परत वाचा, बाय.” मी परत वाचलं. तू कोळंबी खाली ठेवलीस आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. त्यांनी तुझ्याकडे बघून मान हलवली. हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, लेख ऐकू दे, मध्ये बोलू नकोस, असं ते तुला म्हणताहेत. आपल्याला एक चांगला श्रोता मिळाला म्हणून मी मनात फुशारले. पुढे होडीच्या शिडाच्या दोरीबद्दल होतं. ‘आजही मढचे कोळी दोरीला अशीच गाठ मारतात. सहाशे वर्षांत ती बदललेली नाही.’ तेव्हा ते उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ खोकत राहिले. आता कळतंय, हसत होते.

मग बहात्तरचा मे महिना. आमच्या इतिहासप्रेमी मंडळाची बावीस माणसं घेऊन मी आले, लेख छापून आला होता म्हणून प्रत्यक्ष दाखवायला. तू सगळ्यांसाठी चहा केलास. त्यांच्यातले ते रिटायर झालेले इंजिनिअर दगडाच्या मागच्या बाजूला गेले, खालच्या कोपऱ्यावर छत्रीचं टोक टोकटोक वाजवलं, आणि फार हळू, फार सभ्यपणे म्हणाले, “बाई, हे सिमेंट आहे. वाळूचं प्रमाण एकास तीन असावं. ही बघा, जाळी दिसतेय.” गंजलेल्या तारेचं एक टोक खरंच बाहेर आलं होतं. कुणीतरी म्हणालं, “सहाशे दिवस तरी नक्की झाले असतील हो.” हसणं पसरलं. मी वळून पाहिलं तर तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस आणि तुझ्या तोंडावर हसू होतं. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “तुला माहीत होतं. आठ वर्षं माझी मजा बघितलीस. फसवलंस मला.” तुझं हसू गेलं. तू ट्रे वाळूवर ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, “दगड खोटा नाय, नलू.” आणि घरात निघून गेलीस. त्यानंतर आमच्या गल्लीत मासळी घेऊन तुझ्याऐवजी सरूबाई येऊ लागली.

मी इतके दिवस स्वतःला विचारत होते की फसवणुकीचा मला एवढा राग का आला. आता विचारते, राग फसवणुकीचा होता, की बावीस माणसं हसली त्याचा? ती हसली नसती, आणि सिमेंटचं तू मला एकटीला सांगितलं असतंस, तर मी आधी नाराज झाले असते आणि संध्याकाळपर्यंत आपण दोघी त्यावर हसलो असतो. तुझं त्या दिवशीचं हसूही मी चुकीचं वाचलं. तू चहा घेऊन आली होतीस. पाहुण्यांसमोर चहा नेताना माणूस हसतोच.

आता नवीन ते. आमच्या कॉलेजच्या नाटकासाठी राजवाड्याचा पडदा हवा होता, म्हणून नोव्हेंबरात मी गोरेगावला एका स्टुडिओत गेले. तिथे धोंडिराम नावाचे म्हातारे सुतार आहेत, साताऱ्याकडचे. पडदा शोधायला ते मला मागच्या गोदामात घेऊन गेले. मंजुळा, तू असायला हवी होतीस. एवढ्या वर्षांत मुंबईत अशी जागा मी पाहिली नव्हती. छतापर्यंत अर्धे खांब, हत्तींच्या सोंडा, नाकं नसलेल्या अप्सरा, एका किल्ल्याचा दरवाजा आणि त्याला टेकून ठेवलेली सायकल. वाटेत साचे रचून ठेवले होते ते धोंडिराम बाजूला सारत होते. मी एक धरायला हात लावला. आतून तो खोलगट होता. माझी बोटं आत गेली आणि तिथेच थांबली. मी त्या दगडाचे इतके ठसे घेतले होते की तो खांदा डोळ्यांआधी हातानेच ओळखला. उलटा होता, आत गेलेला, पण तोच चढलेला खांदा, तीच गाठ, तोच दुसरा वल्हेवाला.

मी विचारलं, हे कुणाचं? धोंडिराम म्हणाले, “कोळीदादाचं काम हे. मढचा हरेश्वर. असा हात पुन्हा व्हायचा नाही बघा.” मग त्यांनी एका पेटीवर बसून सगळं सांगितलं. अठ्ठावन्न साली गलबतांचा एक सिनेमा होता. सहा वीरगळ हवे होते. पाच प्लास्टरचे केले आणि एक समुद्राच्या पाण्यात उभा करायचा म्हणून सिमेंटचा. सगळ्या वल्हेवाल्यांची तोंडं सारखी ठेवायची असा हुकूम होता. हरेश्वरभाऊंनी चार सारखी ठेवली आणि दुसऱ्या वल्हेवाल्याला वेगळा चेहरा दिला. “त्याचा म्हातारा बाप दीड वर्ष बोलत नव्हता ना त्याच्याशी. कोळ्याचा पोर, होडी सोडून चुना कालवतो म्हणून. मग यानं म्हाताऱ्यालाच होडीत बसवला. म्हणाला, घे, वल्हव. आता तरी बोल.” म्हातारा येऊन बघून गेला, असं धोंडिराम म्हणाले. बोलला की नाही ते त्यांना माहीत नाही. शूटिंग संपल्यावर दगड मढच्या वाळूत तसाच पडून राहिला. पुढच्या वर्षी तुझे सासरे होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. होडी नाही, माणूस नाही, काहीच नाही. तेव्हा अंजनाबाईंनी चार माणसं लावून दगड उभा केला आणि पहिला शेंदूर स्वतःच्या हाताने लावला.

मी तिथे हत्तीच्या एका पायावर बसून राहिले. धोंडिरामना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं आणि मला बरं वाटावं म्हणून हसत म्हणाले, “लई गमत्या माणूस. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगायचा, एक बाई हाय, ती म्हणते मी सहाशे वर्षांमागं मेलो. पण काम झकास होतं म्हणते. बायको खरं सांगायला निघाली, तर मीच म्हणालो, राहू दे गं, जरा जुना होऊ दे की मला.”

मी हसले. मग रडले. मग पडदा न घेताच घरी आले.

तेव्हापासून रोज रात्री तो लेख काढून वाचते आहे, आणि तुला जे सांगायचंय ते असं. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात वीरगळ म्हणजे काय हे मी लिहिलं होतं. संकटाला सामोरं गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसासाठी, त्याच्या माणसांनी, त्याच्या गावच्या वाटेवर उभा केलेला दगड. तुमचा दगड यातल्या कशात कमी पडतो? कारागीर समुद्र जाणणारा होता, हे खरं. गाठ मढची होती, हेही खरं. चुकले ती फक्त सहाशे वर्षं. आणि ती चुकली कारण मी भेटेल त्याला ‘किती जुना’ हेच विचारत राहिले. ‘कोणाचा’ असं तुमच्या गावात मी कुणालाही, एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ओट्यावरच्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. कुणीच काही लपवलं नव्हतं. तू तर खोळ पडली त्याच दिवशी, दगडापाशी वाकून, मला स्पष्ट सांगितलं होतंस. बुडणाऱ्याच्या शेजारचा तो, न बघणारा, मीच होते.

तो साचा आता माझ्याकडे आहे. गोदाम रिकामं करायचं चाललंय, म्हणून धोंडिरामनी तो माझ्या हवाली केला, तुझी अमानत म्हणून. माझ्या खाटेखाली जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलाय. जड आहे. कधीही माणूस पाठव, नाहीतर मी हातगाडी करून आणते. त्याचं काय करायचं ते तू आणि अंजनाबाई ठरवा, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.

आणि आता हे पत्र लिहायचं खरं कारण. क्षमा मागायला लिहिते आहे असं मला पहिल्या पानावर वाटत होतं, पण तेवढंच असतं तर मी अजून दोन वर्षं धीर गोळा करत बसले असते. मी तो लेख नव्याने लिहायला घेतलाय. छापून कुणी देईल की नाही माहीत नाही, आणि तू किंवा अंजनाबाई नको म्हणालात तर वहीतच राहील. पण पहिल्याच ओळीवर अडले. ‘हा वीरगळ मढचे हरेश्वर’ असं लिहिलं, पुढे वडिलांचं नाव घालून ‘कोळी’ लिहायला गेले, आणि पेन थांबलं. आठ वर्षं तुझ्या घरी जेवले, तुझ्या सासऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांच्या खांद्यावर चार पानं लिहिली, आणि त्यांचं नाव मला माहीत नाही. सरूबाईला विचारता आलं असतं, धोंडिरामना कदाचित माहीत असेल. पण ते मला तुझ्याकडूनच ऐकायचंय. चिठ्ठीवर एवढा एक शब्द लिहून पाटीत टाक, किंवा दारात येऊन सांग. हरेश्वर आणि कोळी यांच्यामध्ये मी एका नावाची जागा सोडली आहे.

तुझीच, अजून विचारायला शिकत असलेली,
नलू